अनाथ कोण करतं, हे विचारणारी बाई

पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि रात्री वाचा.

"समाजसेवा करायची तर गुमान समाजसेवा करावी, राजकारणात कशाला नाक खुपसायचं?" वीस वर्षांच्या पत्रकारितेत हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं याची गणती नाही. पुढाऱ्यांकडून ऐकलं, अधिकाऱ्यांकडून ऐकलं आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आपल्यासारख्या सामान्य माणसांकडून ऐकलं. एखादी संस्था वह्या-दप्तरं वाटते तोवर तिच्या कार्यक्रमाला स्टेजवर खुर्च्या कमी पडतात. तीच संस्था वसतिगृहाच्या अनुदानाचं काय झालं म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात 'राजकारण शिरलेलं' असतं.

या वाक्यावर माझं म्हणणं मांडण्यासाठी आज एका बाईची गोष्ट सांगतो. बाई आपल्याकडची नाही. तिचा देशही बहुतेकांना नकाशात शोधावा लागेल.

बुरुंडी. आफ्रिकेच्या मधोमध, रवांडाच्या खाली. पूर्वेला टांझानिया, पश्चिमेला काँगो. आकाराने आपले अहिल्यानगर आणि नाशिक हे दोन जिल्हे जोडले तर त्याहूनही लहान. डोंगर, चहा, कॉफी, केळी आणि वीतभर जमिनीवर राबणारे शेतकरी. तिथली बहुसंख्य माणसं हुतू, अल्पसंख्य तुत्सी, आणि अगदी मूठभर त्वा. भाषा एकच, किरुंडी. देव बहुतेकांचा एकच. एकाच टेकडीवर शेजारी शेजारी घरं. पण बेल्जियमच्या राजवटीत हा भेद घट्ट केला गेला, तुत्सींना शिक्षणात आणि कारभारात झुकतं माप मिळालं. 1962 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा ही गाठ सुटायच्या ऐवजी आवळत गेली. 1972 मध्ये तुत्सींचं वर्चस्व असलेल्या लष्कराने शिकलेले हुतू वेचून वेचून मारले. शिक्षक, कारकून, विद्यार्थी, पाद्री. मेलेल्यांचा अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत सांगतात. जे पळू शकले ते टांझानियात गेले आणि तिथल्या छावण्यांत म्हातारे झाले.

त्या देशाच्या पूर्वेला, टांझानियाच्या हद्दीजवळ, रुयिगी नावाचं गाव आहे. जिल्ह्याचं ठिकाण म्हणा. तिथली ही बाई, मार्गरीत बारांकित्से. सगळं जग त्यांना मॅगी म्हणतं. (हो हो, आपली दोन मिनिटांवाली. कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच होतं, म्हणून आधीच मोकळा झालो.)

मॅगी जातीने, म्हणजे तिथल्या भाषेत जमातीने, तुत्सी. पेशाने शिक्षिका. हुतू पोरांना शाळेत मिळणाऱ्या वागणुकीवर बोलल्या आणि शिक्षिकेची नोकरी गेली. मग रुयिगीच्या बिशपच्या कार्यालयात काम करू लागल्या. लग्न केलं नाही, पण सात मुलं दत्तक घेतली, चार हुतू आणि तीन तुत्सी. हे सगळं कत्तलीच्या आधीचं आहे, हे लक्षात ठेवा. पुढे जे घडलं त्यामुळे बाई बदलल्या असं नाही. त्या आधीपासूनच तशा होत्या.

1993 च्या जूनमध्ये बुरुंडीत पहिल्यांदा खऱ्या अर्थाने निवडणूक झाली आणि मेल्किओर न्दादाये हे पहिले हुतू राष्ट्राध्यक्ष झाले. 21 ऑक्टोबरला, म्हणजे चारच महिन्यांत, तुत्सी सैनिकांनी त्यांचा खून केला. बातमी पसरली तशी हुतूंनी शेजारचे तुत्सी मारायला सुरुवात केली, आणि त्याचा सूड म्हणून तुत्सी जमाव आणि लष्कर हुतूंवर तुटून पडलं.

24 ऑक्टोबर 1993. रविवार. रुयिगीत बिशपच्या वाड्यात मॅगींनी हुतू कुटुंबांना लपवून ठेवलं होतं. हल्लेखोर आले, आणि ते मॅगींच्याच जमातीचे होते. तुत्सी असून हुतूंना आसरा देते म्हणजे ही गद्दार, असा त्यांचा हिशेब. त्यांनी बाईंना मारलं, खुर्चीला बांधलं आणि डोळ्यांसमोर 72 माणसं कापली.

मी क्राइमच्या बातम्या केल्यात, पंचनामे पाहिलेत. तरी या ओळीवर मी थांबतो. खुर्चीला बांधलं म्हणजे मारायचं नव्हतं, बघायला लावायचं होतं.

त्या वाड्यातून 25 मुलं वाचली. मॅगींची स्वतःची सातही वाचली. बाई या सगळ्यांना घेऊन गावातच राहणाऱ्या एका जर्मन मदत कार्यकर्त्याच्या घरी गेल्या. इथून पुढे त्यांच्यासमोर दोन रस्ते होते. देश सोडायचा, किंवा ही पोरं कुणाच्या तरी हवाली करून रडत बसायचं. दोन्हीला कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी गावातच एका जुन्या शाळेच्या इमारतीत मुलांचं घर थाटलं आणि त्याला नाव दिलं 'मेझों शालोम'. शांतीचं घर. मुलं येतच राहिली. आईबाप मेलेली, आईबापांपासून तुटलेली, हुतूंची, तुत्सींची, मारलेल्यांची आणि मारणाऱ्यांचीही. युद्ध पुढे बारा-तेरा वर्षं चाललं, मेलेल्यांचा आकडा तीन लाखांच्या घरात जातो.

संस्थेने एकूण किती मुलांना हात दिला? दहा हजार, वीस हजार, तीस हजार, असे तिन्ही आकडे छापून आलेत. कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही यावर ते ठरतं. मला आकड्यापेक्षा पद्धतीत जास्त रस आहे, कारण खरी शिकण्यासारखी गोष्ट तिथे आहे.

बाईंना अनाथाश्रम चालवायचा नव्हता.

हे ऐकायला विचित्र वाटेल. हजारो अनाथ मुलं आणि अनाथाश्रम नको? पण विचार करा. एका मोठ्या इमारतीत तीनशे पोरं, एकसारखे गणवेश, एकसारखी ताटं, घंटा वाजली की जेवण, घंटा वाजली की झोप. अठरा वर्षं पूर्ण झाली की गेट उघडतं आणि पोरगं रस्त्यावर. त्याला ना गाव, ना घर, ना शेत, ना लग्नाला येणारा मामा. मॅगींनी उलटं केलं. सख्खी भावंडं एकत्र ठेवली. नातेवाईक कुणी जिवंत आहेत का ते शोधलं. जिथली मुलं तिथे, त्यांच्याच टेकडीवर, छोटी छोटी घरं बांधून दिली. मोठं भावंड घरातलं कर्तं, आणि संस्थेची माणसं येऊन-जाऊन लक्ष ठेवणार. शाळा गावातलीच, दवाखाना गावातलाच, शेजारीही तेच. ज्यांच्यातल्या कुणी आपला बाप मारला असेल ते शेजारी.

आणि जमीन! ही गोष्ट आपल्या लोकांना लगेच कळेल. बुरुंडीत जमीन म्हणजे जीव. आधीच दाटीवाटीची वस्ती, त्यात जमिनीचे तुकडे होऊन होऊन घरटी काही गुंठेच उरलेले, त्यात 1972 ला पळालेले लोक टांझानियातून परत येऊन आपली जमीन मागू लागलेले. अशात आईबाप मेलेल्या पोरांची जमीन काका-मामा सोडतील का? सातबाऱ्यावरची वारस नोंद राहिली म्हणून आपल्याकडे काय काय होतं ते आपण बघतोच. तर मेझों शालोमचं एक काम होतं पोरांचा वारसाहक्क मिळवून देणं. खाऊ, कपडे, खेळणी देणारे पुष्कळ भेटतात. पोराच्या बापाचं शेत पोराच्या नावावर करायला चुलत्याशी भांडणारा क्वचितच भेटतो. तुरुंगात खितपत पडलेल्या अल्पवयीन मुलांसाठीही संस्थेने काम केलं. फोटोत चांगलं दिसणारं हे काम नव्हे.

बाईंनी रुयिगीत आणखी एक उद्योग केला, ज्यावर मदत देणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. त्यांनी गावात सिनेमागृह बांधलं आणि पोहण्याचा तलाव बांधला. गॅरेज, शिवणकाम, केशकर्तनालय, अतिथीगृह हे समजू शकतो, त्यातून रोजगार मिळतो. पण जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एका देशात, युद्धातून उठलेल्या आडगावात, स्विमिंग पूल? याचं माझं उत्तर सोपं आहे. आपण गरिबाच्या पोराला जगण्यापुरतं द्यायला तयार असतो, मजेपुरतं नाही. आश्रमातल्या मुलांच्या हातात नवा मोबाईल दिसला तर देणगीदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. 'आम्ही पैसे याच्यासाठी देतो का?' मॅगींना पोरांना भिकारी बनवायचं नव्हतं. ज्या पोराने आईला मरताना पाहिलं त्याला सिनेमा बघून खदखदून हसता आलं पाहिजे, यातही बाईंना तेवढंच काम दिसत होतं.

2008 मध्ये रुयिगीत 'रेमा' नावाचं रुग्णालय उभं राहिलं, मुख्यतः बायका आणि मुलांसाठी. पुरस्कार तर रांगेने आले. 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा नान्सेन पुरस्कार मिळाला. युरोपातल्या राजघराण्यांपासून चर्चपर्यंत सगळे मदत करत होते. आणि बुरुंडी सरकारलाही काही अडचण नव्हती. सरकारने करायचं काम बाई करत होत्या, आणि पैसे परदेशातून येत होते. कुणाला नको असेल?

मग 2015 उजाडलं.

पियेर न्कुरुन्झिझा 2005 पासून राष्ट्राध्यक्ष होते. 2000 साली टांझानियातल्या अरुशा शहरात झालेल्या शांतता करारात साफ ठरलं होतं की राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती. त्याच कराराच्या पायावर युद्ध थांबलं होतं. 2015 च्या एप्रिलमध्ये न्कुरुन्झिझांच्या पक्षाने त्यांना तिसऱ्यांदा उमेदवार केलं. युक्तिवाद असा, की पहिल्या वेळी त्यांना संसदेने निवडलं होतं, जनतेने नाही, त्यामुळे ती मुदत धरायची नाही. राजधानी बुजुम्बुरात लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. मेच्या मध्यात लष्करातल्या एका गटाने बंड केलं, ते फसलं, आणि त्यानंतर मात्र दडपशाहीला धरबंध राहिला नाही. खाजगी रेडिओ स्टेशनं जाळली, बंद पाडली. माझ्या पेशातली कित्येक माणसं एका रात्रीत देशोधडीला लागली.

मॅगी गप्प बसू शकल्या असत्या. त्यांच्याकडे गप्प बसायला शंभर चांगली कारणं होती. दवाखाना, शाळा, शेकडो कर्मचारी, हजारो मुलं. 'मी बोलले तर या पोरांचं काय होईल?' यापेक्षा सज्जन कारण काय असतं? आपल्याकडच्या कित्येक चांगल्या माणसांची तोंडं याच कारणाने बंद आहेत आणि मी त्यांना दोष देत नाही. बाई बोलल्या. तिसरी मुदत घटनाबाह्य आहे, पोरांवर गोळ्या घालणं बंद करा, हे उघडपणे बोलल्या, आंदोलकांच्या बाजूने उभ्या राहिल्या.

परिणाम ठरलेला होता. काही काळ लपून राहावं लागलं, मग देश सोडावा लागला. अटकेचं वॉरंट निघालं. वर्षअखेरीस सरकारने ज्या संस्थांचं काम बंद पाडलं त्यांच्या यादीत मेझों शालोम होती. बँक खाती गोठवली. वीस-बावीस वर्षं जी बाई निर्वासितांना घर देत होती ती पन्नाशी उलटल्यावर स्वतः निर्वासित म्हणून रवांडात उतरली.

आता त्या वाक्याकडे येऊ. राजकारणात कशाला पडायचं?

मला सांगा, 1993 ला ती 25 मुलं अनाथ कशाने झाली? भूकंपाने? पुराने? एक निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष काही सैनिकांना मान्य नव्हता म्हणून झाली. 1972 ची पोरं अनाथ झाली ती सत्ता हातातून जाईल या भीतीने. बुरुंडीतलं जवळजवळ प्रत्येक युद्धातलं अनाथ मूल हे कुणाच्या तरी खुर्चीचा हिशेब आहे. ज्या बाईने आयुष्यभर ती मुलं वाढवली, तिने आणखी एक पिढी अनाथ होण्याची तयारी चाललेली बघून 'मी फक्त सेवा करते' म्हणत अंग काढून घ्यायचं? माझ्या मते 1993 ला वाड्याच्या दारात उभी राहिलेली बाई आणि 2015 ला बोलणारी बाई एकच काम करत होती.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कळल्यावर मला दोन दिवस चैन पडली नव्हती. न्कुरुन्झिझा स्वतः कोण होते? 1972 च्या कत्तलीत त्यांचे वडील मारले गेले होते. ते खासदार राहिलेले, हुतू. मुलगा तेव्हा लहानच होता. मोठा होऊन तो विद्यापीठात शिकवायला लागला, तिथे हुतूंवर हल्ला झाला, तो जंगलात गेला, बंडखोर झाला, आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष. म्हणजे मॅगींना देशोधडीला लावणारा माणूस हाही युद्धात बाप गमावलेलं पोरच होता. मी त्यांची बाजू घेत नाही. पण बाईंनी मारणाऱ्यांची आणि मारलेल्यांची पोरं एका घरात का वाढवली, त्यांचं दुःख वेळेत कुणीतरी ऐकावं याचा एवढा ध्यास का घेतला, हे मला तिथे कळलं. (न्कुरुन्झिझा 2020 मध्ये वारले.)

रवांडात जाऊन बाईंनी काय केलं? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

2015 नंतर चार लाखांच्या आसपास लोक बुरुंडीतून बाहेर पडले. रवांडाच्या पूर्वेला महामा नावाची छावणी उभी राहिली, बघता बघता पन्नास हजारांचं शहरच झालं. तिथे आलेल्यांत बायका-मुलांची संख्या प्रचंड. या बायका काय काय सोसून आल्या होत्या हे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने लिहून ठेवलंय. विरोधकांच्या घरात शिरून त्यांच्या बायका-मुलींवर अत्याचार, पळताना सीमेवर अत्याचार, आणि त्यात पोलिसांबरोबर सत्ताधारी पक्षाच्या युवा संघटनेची पोरंही. नवरा मारला गेलाय किंवा बेपत्ता आहे, पोटात कुणाचं मूल आहे ते सांगायची सोय नाही, आणि छावणीतल्या शेजारणींना कळलं तर त्याही तोंड फिरवणार.

अशा बाईला कसं उभं करायचं? आपल्याकडे अशा वेळी 'समुपदेशन' हा शब्द फार पटकन येतो. टेबलाच्या पलीकडे एक मॅडम, अलीकडे ही, अर्धा तास, रजिस्टरवर सही. मेझों शालोमकडेही मानसोपचाराची सोय आहे, छळ आणि बलात्कार सोसलेल्यांसाठी मुद्दाम केलेली. पण ती एकटी नाही. किगालीत 2017 मध्ये संस्थेने 'ओअॅसिस ऑफ पीस' नावाचं केंद्र सुरू केलं. तिथे शिवण आहे, भरतकाम आहे, स्वयंपाकाचं शिक्षण आहे, चित्रकला आहे, उपाहारगृह आहे. महामाच्या छावणीतही व्यवसाय शिकवणारं केंद्र आहे. बायकांच्या गटांना छोटी कर्जं मिळतात, आपल्या बचत गटांसारखंच म्हणा. तरुण पोरापोरींना शिष्यवृत्त्या मिळतात, कारण निर्वासित झालं की सगळ्यात आधी कॉलेज सुटतं.

भरतकामाच्या त्या खोलीला मी फार महत्त्व देतो. आपल्या आया-आज्यांना विचारा. गोधडी शिवायला चार जणी बसल्या की बोलणं आपोआप निघतं. हात चालू असले, नजर कापडावर असली की जे कुणाच्या डोळ्यांत बघून सांगता येत नाही ते सांगता येतं. नाही सांगावंसं वाटलं तर टाका घालत बसता येतं, कुणी 'बोल ना' म्हणून मागे लागत नाही. आणि संध्याकाळी हातात वस्तू तयार असते, तिचे पैसे येतात. पैसे आले की पोराची फी भरता येते. फी भरली की रात्री थोडी झोप लागते. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही, पण युद्धाने चिरडलेल्या बाईला 'तू धीर धर' म्हणण्यापेक्षा तिच्या नावावर चार पैसे असणं जास्त कामाचं, असं माझं ठाम मत आहे. समोर केंद्र चालवणारी बाईही काही वरून उतरलेली नाही. खुर्चीला बांधून जिला बघायला लावलं, तीच आहे ती.

2016 मध्ये आर्मेनियात मॅगींना पहिला अरोरा पुरस्कार मिळाला. 1915 च्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्यांच्या वंशजांनी सुरू केलेला हा पुरस्कार, आणि त्याला नावही अशाच एका वाचलेल्या मुलीचं, अरोरा मार्डिगानियन हिचं. या पुरस्काराची रीत मला आवडली. त्या वर्षी विजेत्याला एक लाख डॉलर होते, आणि दहा लाख डॉलर त्याने निवडलेल्या इतर संस्थांना. पकडून ठेवायचं नाही, पुढे द्यायचं. स्टेजवर जॉर्ज क्लूनी होता म्हणून आपल्या वाहिन्यांनी तेवढा फोटो दाखवला. बाईंचं नाव धड उच्चारणारा अँकर मला तरी दिसला नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलतो, नाहीतर म्हणाल भाऊ भक्त झाले.

एक, ही संस्था फार मोठ्या प्रमाणावर एका व्यक्तीभोवती उभी आहे, आणि परदेशी पैशावर उभी आहे. लक्झेंबर्ग, बेल्जियम, चर्चच्या संस्था. एका सरकारने खाती गोठवली की रुयिगीतलं वीस वर्षांचं काम हातातून गेलं. स्थानिक लोकांच्या मालकीचं ते किती झालं होतं, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडच्या संस्थाचालकांनी तर तो आरशात बघून विचारावा.

दोन, आणि हे जास्त अवघड आहे. मॅगींनी आसरा घेतला तो रवांडात. आणि त्याच 2015 च्या डिसेंबरमध्ये रवांडातही जनमत घेऊन घटना बदलली गेली, राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे यांना पुढेही निवडणूक लढवता यावी म्हणून. म्हणजे तिसऱ्या मुदतीला विरोध केला म्हणून एका देशातून पळायचं आणि शेजारी ज्या घरात जायचं तिथे तोच प्रकार. आश्रिताला यजमानाच्या घरात किती बोलता येतं? निर्वासित होण्याची ही किंमत कुठल्या अहवालात येत नाही. घर जातं, तसा बोलण्याचा हक्कही अर्धा जातो. मी बाईंना यावरून नावं ठेवणार नाही. छावणीत पन्नास हजार माणसं असताना यजमान देशाशी भांडण काढायचं की नाही, हे किगालीत राहणाऱ्याने ठरवावं, इथे खुर्चीत बसून पोस्ट लिहिणाऱ्याने नाही. पण मग 2015 ला त्या बोलल्या याची किंमत मला आणखी जास्त वाटते. आपल्या घरात बोलण्याचा हक्क होता तेव्हा त्यांनी तो वापरला.

थोडं आपल्याकडचं. वाढदिवसाला आश्रमात जाऊन केक कापणाऱ्या मित्रांवर मी चिडत नाही, हेतू चांगला असतो. पण 2015 चा आपला बाल न्याय कायदाही हेच सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. राज्यात बालसंगोपन योजना आहे, ज्यात मूल आजीकडे, मावशीकडे राहावं म्हणून मदत मिळते. कोविडमध्ये पालक गेलेली मुलं आपल्याच तालुक्यात आहेत. त्यांच्या वह्यांसाठी मदत मागितली तर एका तासात जमते, हा माझा अनुभव. त्यांच्यातल्या कुणाची वारस नोंद झाली, कुणाची अडकली, एकल मातांपैकी किती जणींना सासरच्यांनी शेतातून बाहेर काढलं, हे विचारायला तलाठी कार्यालयात चला म्हटलं की ग्रुपवर शांतता. कारण तिथे समोर कुणीतरी ओळखीचा असतो. कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी कार्यकर्ता. मग ते 'राजकारण' होतं.

बाईंची जात कुठली, असं कुणी विचारलं तर त्या हुतू, तुत्सी, त्वा ही सगळी नावं एकात एक गुंफून भलतंच लांब नाव सांगतात आणि हसतात. ज्या समाजात नाव-आडनावावरून माणूस वाचणार की मरणार हे ठरत होतं तिथला हा विनोद आहे.

मॅगी अजून रवांडातच राहून काम करतात. 2020 नंतर काही बुरुंडी निर्वासित परत गेले, बरेच अजून महामात आहेत. 1993 ला वाड्यातून वाचलेली मुलं आज पस्तिशी-चाळिशीची आहेत, त्यांना स्वतःची मुलं आहेत. मेझों शालोममध्ये वाढलेल्यांपैकी काही शिकून याच कामात आले, आणि देश सुटल्यावर काहींनी किगालीत नव्याने घडी बसवायला हात लावला.

तालुक्यातल्या कोविडमध्ये पालक गमावलेल्या मुलांच्या वारस नोंदींची यादी मी करतोय. पुढच्या सोमवारी तहसीलला जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा. मुलांची नावं कृपया कमेंटमध्ये लिहू नका.